कॅमेऱ्याचे चलन आले, आता काय? पुण्यातील नव्या वाहनमालकांसाठी आव्हानाची वाट

पुण्यात राहायला आल्यावर वर्षभरात कधीतरी मोबाइलवर तो संदेश येतोच. त्यात वाहनाचा क्रमांक, चलनाचा क्रमांक आणि दंडाची रक्कम असते. कोणी शिट्टी वाजवलेली नसते, कोणी हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावलेली नसते, आणि त्या दिवशी आपण नेमके कोठे होतो हेही पुष्कळदा आठवत नाही. अशा वेळी माणसे दोन टोकांना जातात. काही जण कटकट नको म्हणून न पाहताच पैसे भरतात, तर काही जण ‘बघू काय करतात ते’ म्हणून संदेश पुसून टाकतात आणि तीन वर्षांनी गाडी विकायला काढल्यावर आरटीओत अडकतात. या लेखात मांडलेली वाट या दोहोंहून वेगळी आहे. चलन शांतपणे वाचायचे, पोलिसांना त्यात काय काय सिद्ध करावे लागेल ते पाहायचे, त्यातली एखादी बाजू लंगडी असेल तर लेखी आक्षेप घ्यायचा, आणि तशी नसेल तर मुकाट्याने दंड भरून मोकळे व्हायचे.

चलन खरे आहे आणि नेमके कोणाचे आहे

सर्वांत आधी, संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नये. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) पाठवून बँक खाते रिकामे करण्याचा उद्योग जोरात आहे, आणि कोणतीही सरकारी यंत्रणा चलनासोबत अशी फाइल पाठवत नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे महाट्रॅफिक ॲप किंवा त्यांचे ई-चलन संकेतस्थळ स्वतः उघडावे, तेथे वाहन क्रमांक आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक घालावेत आणि प्रलंबित चलनांची यादी पाहावी. संदेशातला चलन क्रमांक तेथे नसेल, तर तो संदेश फसवणुकीचा धरावा. चुकून पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.

चलन खरे निघाले, तर ते कोणत्या यंत्रणेने काढले हे पाहावे. नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा येथेच होतो, कारण बोलीभाषेतले ‘पुणे’ आणि पोलिसांचे पुणे एक नाही. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले. त्यामुळे हिंजवडीत किंवा वाकडला झालेल्या चलनाची तक्रार पुणे शहराच्या वाहतूक शाखेकडे नेली, तर तेथून आपल्याला परत पाठवले जाते. खराडी, हडपसर, कोथरूड, पेठा हा भाग पुणे शहर आयुक्तालयाचा आहे. शहर वाहतूक शाखेच्या उपायुक्तांचे कार्यालय येरवड्याला, विमानतळ रस्त्यावर, टपाल कार्यालयाजवळ आहे. द्रुतगती मार्गावरचे चलन महामार्गाच्या यंत्रणेचे असते. अर्ज चुकीच्या दारात पडला तर हातातली मुदत तेवढ्यानेच कमी होते.

पैसे भरण्यापूर्वी

आपल्याकडे ‘आधी भरून टाकू, मग भांडू’ असे सहज म्हटले जाते. चलनाच्या बाबतीत हा क्रम उलटा पडतो. ॲपवरून भरलेली रक्कम ही मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड असते. गुन्हा तडजोडीने मिटला की त्यावर पुढे कारवाई होत नाही, आणि आक्षेप घ्यायला प्रकरणही उरत नाही. ‘निषेध नोंदवून भरले’ असे लिहिण्याची सोय त्या पडद्यावर नाही. म्हणून भरायचे की आव्हान द्यायचे हे आधी ठरवावे. त्यासाठी किती दिवस आहेत ते नोटिशीवर छापलेले असते. या नियमांत केंद्र सरकार वेळोवेळी दुरुस्त्या करते, त्यामुळे मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवापेक्षा आपल्या हातातल्या नोटिशीवरची मुदत प्रमाण मानावी.

रक्कम लहान आहे म्हणून दुर्लक्ष करण्याआधी कलम कोणते लावले आहे तेही पाहावे. कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे आज भरलेले पाचशे उद्याच्या दीड हजाराची पायरी ठरू शकतात. विनाहेल्मेटचे कलम १९४ डी आणि दुचाकीवर तिघे बसल्याचे कलम १९४ सी यांत दंडासोबत तीन महिने परवान्याची अपात्रता लिहिलेली आहे. ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याच्यासाठी दंडाच्या हजार रुपयांपेक्षा हे तीन महिने महाग आहेत. सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून चालवणे, प्रवाहाविरुद्ध जाणे हे प्रकार २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ च्या ‘धोकादायक वाहन चालवणे’ या व्याख्येत घातले गेले आणि त्या कलमात कारावासाचीही तरतूद आहे. असे कलम लागले असेल, तर भरण्यापूर्वी एकदा वकिलाशी बोलावे.

फोटो वाचायला शिकणे

चलनाबरोबर ॲपवर छायाचित्र दिसते. ते मोठे करून, शक्यतो संगणकाच्या पडद्यावर, दहा मिनिटे पाहावे. माझ्या अनुभवाप्रमाणे यशस्वी आक्षेपांतले बहुतेक याच दहा मिनिटांत सापडतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या मोपेडच्या नावावर विनाहेल्मेटचे चलन निघाले. चौक ओळखीचा होता आणि वेळही ऑफिसच्या येण्याजाण्याची होती, त्यामुळे भरून टाकावे असेच वाटले. फोटो मोठा केल्यावर मात्र दिसले की गाडी काळी आहे, माझी करडी. पुढचा दिवा चौकोनी आहे, माझा गोल. मागच्या नंबरप्लेटच्या पाटीवर चिखलाचा शिंतोडा उडालेला होता आणि त्याखालचा शेवटचा अंक ३ होता. यंत्राने किंवा यंत्रामागच्या माणसाने तो ८ वाचला होता. मी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, माझ्या गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि त्या पाटीचा मोठा केलेला तुकडा जोडून अर्ज दिला. दोनदा आठवण द्यावी लागली, पण चलन रद्द झाले. अर्जात मी ‘मी नेहमी हेल्मेट घालतो’ असे एक अक्षरही लिहिले नव्हते. ते खरे असले तरी त्या कागदावर त्याला किंमत नव्हती.

फोटोत पाहण्याच्या गोष्टी अशा. पाटीवरची सर्व अक्षरे व अंक विनाशंका वाचता येतात का, आणि गाडीचे मॉडेल, रंग व प्रकार नोंदणीशी जुळतात का, हे प्रथम पाहावे. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर छापलेले आहे की केवळ चलनाच्या मजकुरात आहे, हेही पाहावे. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे तो गुन्हा चित्रात प्रत्यक्ष दिसतो की नुसतीच गाडी दिसते, हा प्रश्न पुष्कळदा निर्णायक ठरतो. सिग्नलच्या चलनात गाडी, थांबरेषा आणि लाल दिवा या तिन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध लागला पाहिजे. रेषेच्या पुढे उभी असलेली गाडी दिसते पण दिवा चौकटीबाहेर आहे, असे असेल तर तो मुद्दा अर्जात पहिल्या ओळीत यावा. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी रेषा ओलांडली असेल आणि ती मागे किंवा बाजूला दिसत असेल, तर त्या चित्राकडे अवश्य बोट दाखवावे, कारण आपत्कालीन वाहनाला वाट न देणे हा कलम १९४ ई खाली १०,००० रुपयांपर्यंत नेणारा स्वतंत्र गुन्हा आहे.

रस्त्यावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने काढलेला फोटो आणि बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला फोटो यांत फरक करावा. चलनासाठी कर्मचाऱ्यांनी स्वतःचा खासगी मोबाइल वापरू नये, असे आदेश राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ मध्ये दिलेले आहेत. फोटो कोणत्या उपकरणातून आला, हा प्रश्न म्हणून अर्जात विचारता येतो.

कॅमेऱ्याला कायद्याने घातलेल्या अटी

कॅमेऱ्याने चलन काढण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ ए मधून येतो आणि त्याची रीत केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७ ए मध्ये आहे. हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्याने कॅमेऱ्याला अधिकार दिला तसेच बंधनेही घातली, आणि आव्हान देणाऱ्याचा खरा आधार ही बंधनेच आहेत.

उपकरणाला राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. येथे कॅमेऱ्याने लक्ष ठेवले जाते, अशी सूचना देणारी पाटी त्या जागेवर हवी. चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, उपकरणाने घेतलेले मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, मोडलेल्या तरतुदीचा उल्लेख, अधिकृत अधिकाऱ्याची सही आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. घटनेपासून नोटीस १५ दिवसांत पाठवावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावी, असेही त्या नियमाने सांगितले.

यांपैकी पुराव्याच्या प्रमाणपत्राकडे लोकांचे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि न्यायालयात मात्र त्याचेच वजन मोठे असते. नियमात उल्लेख आहे तो जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब चा. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली असून प्रमाणपत्राचा नमुना आता दोन भागांत आहे. एक भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून वापरायची तर हे प्रमाणपत्र लागतेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या प्रकरणात ठरवले. तो वाद जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा होता, चलनाशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी निवडणूक अधिकाऱ्याच्या खोलीतल्या चित्रीकरणाला लागलेली कसोटी चौकातल्या चित्रीकरणालाही लागते.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. समाजमाध्यमांवर ‘नोटीस १५ दिवसांनंतर आली म्हणजे चलन आपोआप रद्द’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. उशीर झाला तर चलन आपोआप शून्य होईल, असे २०२१ च्या त्या नियमात लिहिलेले नव्हते. उशिराचा मुद्दा जरूर मांडावा, संदेशाच्या तारखेचा स्क्रीनशॉट जोडावा, पण सगळा भार त्या एका खुंटीवर टांगू नये.

पार्किंगचे चलन: पाटी आणि अधिसूचना

पुण्यातल्या पार्किंगच्या चलनांना स्वतंत्र विचार लागतो, कारण येथे गुन्हा घडला की नाही हे गाडीपेक्षा रस्त्यावरच्या पाटीवर ठरते. शहरातल्या अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशी सम-विषम तारखांची व्यवस्था आहे. सोमवारी ज्या बाजूला गाडी लावणे योग्य, मंगळवारी त्याच बाजूला ती दंडास पात्र. रात्री अकराला गाडी लावून सकाळी आठला काढणारा माणूस मध्यरात्री झोपेतच नियम मोडतो. फर्ग्युसन रस्त्यासारख्या ठिकाणी आता अशी गाडी टिपायला कॅमेरेही आहेत, त्यामुळे ‘पाच मिनिटांत आलो’ हे कारण पूर्वी हवालदाराला सांगता यायचे, ते ऐकायला आता समोर कोणी नसते.

नो पार्किंग, एकेरी मार्ग किंवा सम-विषम पार्किंग हे बदल वाहतूक शाखेचे उपायुक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली लेखी आदेशाने करतात. पुण्यात बहुधा आधी प्रायोगिक तत्त्वावर तात्पुरता आदेश निघतो, नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि नंतर अंतिम आदेश होतो. त्या आदेशात रस्त्याचे नाव आणि हद्द दिलेली असते, म्हणजे अमुक इमारतीपासून अमुक चौकापर्यंत, दोन्ही बाजूंना किंवा एकाच. म्हणून पार्किंगच्या चलनाला उत्तर देताना दोन प्रश्न विचारायचे. माझी गाडी जेथे उभी होती ती जागा त्या आदेशाच्या हद्दीत येते का? आणि आदेश असला तरी तो सांगणारे चिन्ह तेथे दिसत होते का?

दुसऱ्या प्रश्नासाठी स्वतः जागेवर जावे, तेही चलन कळल्यावर एक-दोन दिवसांत. गाडी जेथे होती तेथे उभे राहून दोन्ही दिशांना फोटो काढावेत, मग गाडी घेऊन त्या रस्त्यावर जेथून शिरलो तेथपासून येत एक सलग चित्रफीत करावी. भांडारकर रस्त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांसारख्या झाडीच्या भागात पाटी असते, पण पावसाळ्यानंतर फांदीमागे गडप झालेली असते. कोठे खांब असतो आणि पाटी नसते. कोठे पाटीवर क्लासच्या जाहिरातीचा कागद डकवलेला असतो. महिन्याभराने गेलात तर फांदी छाटलेली असेल आणि आपला मुद्दाही तिच्याबरोबर गेलेला असेल. शेजारच्या सोसायटीचा कॅमेरा रस्त्याकडे असेल तर अध्यक्षांना त्याच दिवशी लेखी विनंती करावी, कारण अशा यंत्रांतली जुनी दृश्ये काही आठवड्यांत पुसली जातात.

गणेशोत्सवात मध्यवर्ती पेठांतील वाहतूक बदलते. एक महिन्यापेक्षा अधिक न चालणाऱ्या निर्बंधासाठी राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते, असे कलम ११५ मध्येच म्हटले आहे. म्हणून सणाच्या दिवसांतल्या चलनाला ‘राजपत्र दाखवा’ असे म्हणून उपयोग होणार नाही.

वेगाचे चलन

वेगाच्या आरोपात केवळ एखाद्या साक्षीदाराच्या मतावर शिक्षा होऊ शकत नाही. ते मत उपकरणाने घेतलेल्या मोजमापावर आधारलेले असावे लागते, असे कलम १८३ सांगते. त्यामुळे प्रश्न सगळा उपकरणाचा होतो. नोंदलेला वेग किती, त्या तुकड्याची वेगमर्यादा किती आणि तिची पाटी कोठे, उपकरणाची शेवटची तपासणी कधी झाली आणि तिचा दाखला कोठे आहे, हे विचारावे. रडारने वेग मोजणाऱ्या साधनांसाठी केंद्राने २०२५ मध्ये वैधमापन (मोजमाप-साधनांच्या अचूकतेचे) नियमही केले आहेत. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा चालू झाली. तेथे सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि घाटात ती कमी होते. घाट सुरू होताना पाय उचलायला विसरणे हे तेथल्या चलनांचे नेहमीचे कारण आहे, आणि तसे झाले असेल तर आव्हानात वेळ घालवू नये.

गाडी माझी, पण चालवत होतो मी नव्हे

कॅमेरा पाटी पाहतो, चालकाचा चेहरा नव्हे, म्हणून चलन नोंदणीकृत मालकाच्या नावाने येते. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव व पत्ता देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ‘मी नव्हतो’ एवढेच म्हणून ‘कोण होते’ हे न सांगणे अंगाशी येते.

गाडी विकलेली असेल आणि नाव बदलले नसेल, तर कागदोपत्री मालक अजून तुम्हीच आहात. विकत देणाऱ्याने फॉर्म २९ भरून १४ दिवसांत कळवायचे असते. तो फॉर्म, विक्रीचा करार आणि ताबा दिल्याची पावती यांवरच येथे काही होऊ शकते. तुमच्या क्रमांकाची बनावट पाटी दुसऱ्या गाडीला लावली आहे असे दिसले, तर चलनाच्या अर्जाबरोबर पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी आणि त्या वेळी आपली गाडी अन्यत्र होती याचा पुरावा जोडावा. चलन स्वारगेटचे असेल आणि त्याच सुमारास फास्टॅगच्या बँक विवरणात शहराबाहेरच्या खेड शिवापूर टोलनाक्याची नोंद असेल, तर ती एक ओळ चार पाने मजकुरापेक्षा बोलकी ठरते.

अर्ज कसा लिहावा

ॲप आणि संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. ती प्रथम वापरावी आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवावा. त्याच मजकुराचा कागदी अर्ज संबंधित वाहतूक कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. हा शिक्का पुढे न्यायालयात उपयोगी पडतो. अर्ज एका पानाचा असावा. नमुना म्हणून हा मजकूर पाहावा:

‘महोदय, वर नमूद चलनातील छायाचित्रात माझे वाहन उभे दिसते, परंतु त्या जागी नो पार्किंगचे चिन्ह दिसत नाही. दिनांक अमुक रोजी मी त्याच जागेवर घेतलेली चार छायाचित्रे जोडली असून त्यांतील दुसऱ्या छायाचित्रात खांबावरील चिन्ह फांद्यांनी पूर्ण झाकलेले आहे. सदर ठिकाणी पार्किंगला मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत, छायाचित्र घेणाऱ्या उपकरणाचे त्या तारखेस लागू असलेले मान्यता प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र मला द्यावे आणि चलन रद्द करावे, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा.’

रागाचे शब्द, शहराच्या वाहतुकीवरची मते आणि ‘बाकीच्यांना का सोडले’ हा प्रश्न अर्जात घालू नये. बाकीच्यांनी नियम मोडला म्हणून आपला गुन्हा पुसला जात नाही.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून ‘का’ विचारू नये, कागद मागावेत: अमुक रस्त्याच्या पार्किंग आदेशाची प्रत, अमुक ठिकाणच्या कॅमेऱ्याचे अमुक वर्षाचे मान्यता प्रमाणपत्र, तपासणीचा दाखला. माहिती अधिकाराचा अर्ज केला म्हणून चलनाची मुदत थांबत नाही, हे लक्षात ठेवून दोन्ही कामे एकाच आठवड्यात सुरू करावीत.

लोकअदालत आणि न्यायालय यांत गल्लत नको

प्रलंबित चलनांसाठी राष्ट्रीय लोकअदालतीची सूचना येते तेव्हा पुष्कळांना वाटते की तेथे आपली बाजू ऐकून चलन रद्द होईल. लोकअदालत हे तडजोडीचे व्यासपीठ आहे. तेथे रकमेवर समझोता होतो, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ मुळे त्या निवाड्यावर अपील नाही. दहा जुनी चलने साचली आहेत आणि ती बहुतेक खरी आहेत, अशा माणसाने लोकअदालतीत अवश्य जावे. ज्याला ‘हा गुन्हा मी केलाच नाही’ असे म्हणायचे आहे, त्याने तेथे सही करू नये.

आव्हानाची खरी जागा दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. समन्सवर न्यायालयाचे नाव आणि तारीख असते. शिवाजीनगरच्या आवारात जायचे असेल तर मेट्रोचे जिल्हा न्यायालय स्थानक अगदी जवळ पडते, आणि तेथे गाडी लावायला जागा शोधत दुसरे चलन ओढवून घेण्यापेक्षा मेट्रोनेच जावे. प्रकरण ऑनलाइन आभासी न्यायालयात गेले असेल, तर तेथे दंड भरण्याचा आणि आव्हान देण्याचा असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते.

पहिल्या तारखेला गुन्हा कबूल आहे का, असे विचारले जाते. येथे घाईने ‘हो’ म्हणून बाहेर पडणारे फार असतात. कबुलीनंतर निकालावर अपील उरत नाही, उरते ते फक्त शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता यांपुरते. ‘कबूल नाही’ म्हटले की सरकारी पक्षाला पुरावा आणावा लागतो: फोटो, प्रमाणपत्र, उपकरणाचे कागद, आणि ते सांगणारा साक्षीदार. आपण अर्जात मागितलेले तेच कागद येथे पुन्हा मागायचे. दर तारखेला हजर राहणे शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरीची मुभा मागता येते. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदतीचा हक्क आहे. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

जुन्या चलनांबाबत मुदतीचा मुद्दाही पाहावा. केवळ दंडाच्या गुन्ह्याची दखल घेण्यास सहा महिन्यांची आणि एक वर्षापर्यंतच्या कारावासाच्या गुन्ह्याला एक वर्षाची मर्यादा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. मोजणी करताना न्यायालयात तक्रार दाखल झाल्याची तारीख धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले. न्यायालय योग्य कारणासाठी विलंब माफही करू शकते. मुदत उलटली म्हणून ॲपवरची नोंद आपोआप जात नाही, आणि ती नोंद दिसते तोवर आरटीओतली कामे अडकण्याची शक्यता राहते. म्हणून हा मुद्दा मनात न ठेवता न्यायालयापुढे किंवा कार्यालयात लेखी मांडावा लागतो.

आणि कधी भांडू नये? फोटो स्वच्छ आहे, गाडी आपलीच आहे, पाटी डोळ्यांसमोर होती, रक्कम पाचशे आहे आणि अपात्रतेचा प्रश्न नाही, तर न्यायालयाच्या एका तारखेला जाणारी अर्ध्या दिवसाची रजा त्या पाचशेपेक्षा महाग पडते. तांत्रिक त्रुटी शोधून सुटता येईलही, पण मी स्वतः अशा वेळी भरून टाकतो.

चलन रद्द झाले, कार्यालयाकडून असो वा न्यायालयाकडून, तर आदेशाची प्रत घ्यावी; न्यायालयाचा असेल तर साक्षांकित प्रत. पंधरा दिवसांनी ॲप उघडून ती ओळ गेली का ते पाहावे. पुष्कळदा ती तशीच असते, मग आदेशाची प्रत जोडून नोंद काढण्यासाठी आणखी एक अर्ज, आणखी एक आवक शिक्का.